दोन वर्षे परदेशात, घरी फोन कधी?

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी... जोडीने फिरणारे असे तरुण परदेशातल्या अनेक शहरांत दिसतात. हे मॉर्मन, म्हणजेच 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चे मिशनरी. मुलगे वयाच्या १८व्या वर्षापासून जाऊ शकतात. त्यांची मुदत २४ महिन्यांची, मुलींची १८. कुठे जायचे ते चर्च ठरवते. खर्चाचा भार मात्र मिशनरी आणि त्यांच्या घरच्यांवर.

सकाळी साधारण साडेसहाला उठायचे, धर्मग्रंथ आणि तिथल्या भाषेचा अभ्यास करायचा, मग लोकांना भेटायला बाहेर. बरेचदा दार उघडतच नाही. सोबत्याला सोडून एकट्याने फिरायचे नाही, आणि हा सोबती आपल्या पसंतीचा नसतो! डेटिंगही बंद.

खरी कसोटी घरच्या आठवणीची. पूर्वी ई-मेल आणि पत्रे चालत, पण फोन वर्षातून दोनदाच : नाताळला आणि मातृदिनाला. म्हणजे दोन वर्षांत जेमतेम चार वेळा आईचा आवाज. फेब्रुवारी २०१९ मध्ये हा नियम बदलला. आता आठवड्यातून एकदा, 'तयारीच्या दिवशी', कपडे धुणे आणि किराणा उरकला की घरी व्हिडिओ कॉल करता येतो. वेळेच्या फरकामुळे कधी घरच्यांनाच पहाटेचा गजर लावावा लागतो, तो भाग वेगळा.