मिळून उपासना, लेखांक 9 : हरिपाठ आधी की प्रार्थना?

प्रार्थना समाजाच्या रविवारच्या उपासनेचा क्रम या आठवड्यात यायचा होता. तो एक आठवडा थांबेल. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या एका गावातून आलेले पत्र त्याच्या आधी घ्यायला हवे, कारण त्यातला प्रश्न विदर्भात गावोगावचा आहे.

गावात मारुतीचे एकच देऊळ आहे आणि समोर पत्र्याचा सभामंडप. दिवेलागणीला तिथे तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते, आणि नेमका तोच वारकरी मंडळींच्या हरिपाठाचा वेळ. शेतातून आलेला माणूस हातपाय धुऊन चहा घेतो आणि मग जेवणाआधी जो वेळ मोकळा असतो तो तेवढाच. दोन्हीकडची माणसे एकाच घरातली. बाप टाळ घेऊन उभा राहतो, मुलगा प्रार्थनेच्या रांगेत बसतो. गेल्या वर्षी वर्गणीतून माइक आणि मोठे स्पीकर आले, तेव्हापासून कुरबूर वाढली. पत्रलेखक विचारतात : सरळ वेळ निम्मी-निम्मी वाटून घ्यावी का? आणि आधी कोणी बसावे?

ज्यांना विदर्भातली प्रार्थना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. मोझरीला त्यांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम उभा केला. पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना हा त्यांनी गावांना लावून दिलेला परिपाठ आहे. त्यांच्या ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, इतकी ती त्यांना महत्त्वाची वाटत होती. प्रार्थनेच्या जागी मूर्ती लागत नाही; अधिष्ठान म्हणून एक आसन मांडतात आणि त्यासमोर सगळे रांगेने बसतात. कोणाच्या घरचा देव पुढे ठेवायचा, हा वाद महाराजांनी असा उगमापाशीच मिटवला. सगळ्या जातींची, बाया-माणसांची, कोणत्याही धर्माच्या माणसाची बसण्याची सोय त्या एका निर्णयातून झाली. गेल्या शतकातल्या मराठी मुलखात उपासनेच्या आखणीचा इतका धाडसी निर्णय शोधून सापडायचा नाही.

प्रार्थनेला शांतता हवी, रांग हवी, वेळेवर सुरुवात आणि वेळेवर शेवट हवा. हरिपाठ मात्र उभ्याने, टाळ-मृदंगाच्या गजरात, पावली घालत रंगतो. रंगला की लांबतो; लांबणे हा त्याचा दोष नाही, ते त्याचे यश आहे. तेव्हा हा झगडा दोन पक्षांचा मानू नये. दोन उपासनांचा स्वभावच निराळा आहे.

आता वेळ वाटून घेण्याविषयी. हा उपाय वाशिम जिल्ह्यातच एका ठिकाणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून पाहिलेला आहे. त्याची हकीकत पत्रलेखकांनी बैठकीला जाण्याआधी वाचावी अशी आहे.

मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. तिथल्या तळघरात अंतरिक्ष पार्श्वनाथांची काळी, अर्धपद्मासनातली मूर्ती आहे. एके काळी मूर्तीखालून घोडेस्वार निघून जात असे अशी आख्यायिका सांगतात. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांची तिच्यावर सारखीच श्रद्धा, पण पूजा वेगळी. श्वेतांबर मूर्तीला डोळे, टिळा, मुकुट चढवतात, आंगी रचतात. दिगंबरांना तीर्थंकर निरलंकार हवेत. 1905 मध्ये दोघांनी संमतीने वेळापत्रक केले. तीन-तीन तासांच्या पाळ्या ठरल्या. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. कागदावर याहून न्याय्य काही सुचणे कठीण आहे.

आणि तरीही भांडण थांबले नाही, कारण पाळी बदलली तरी मूर्ती तीच राहत होती. दागिना तीन तासांनी उतरवता येतो, लेप उतरवता येत नाही. मूर्तीला लेप देताना कटिसूत्र आणि कछोटा, म्हणजे कमरेचा गोफ आणि लंगोटाची खूण, दाखवायची की नाही, यावरून ठिणगी पडली. श्वेतांबरांच्या लेखी ती मूर्तीची मूळ ठेवण होती, दिगंबरांच्या लेखी त्यांच्या उपासनेच्या गाभ्यालाच धक्का होता. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. 1910 मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा गेला, 1918 मध्ये निकाल लागला, नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांकडे 1923 मध्ये अपिलाचा निकाल झाला आणि 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शेवटचा शब्द दिला : व्यवस्थापन आणि लेपाचा अधिकार श्वेतांबरांकडे, ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क दिगंबरांकडे.

शेवटचा शब्द म्हटले खरे, पण पुढे लेपावरून पुन्हा वाद झाले, दावे झाले आणि 1981 मध्ये गाभाऱ्याला कुलूप लागले. एका पिढीने झरोक्यातून दर्शन घेतले. सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2023 रोजी आदेश दिला आणि मार्चमध्ये, तब्बल 42 वर्षांनी, दार उघडले.

या प्रकरणात कोण बरोबर हे ठरवणे या मालिकेचे काम नाही. आखणी करणाऱ्याने त्यातून एक गोष्ट मात्र उचलावी. 1905 च्या कागदाने वेळ वाटली. एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हाती जागा आणि मूर्ती कोणत्या स्थितीत सोपवायची, हा प्रश्न त्या वाटपाने सुटला नाही. ज्या वस्तू दोघांच्या सामाईक असतात आणि पाळीबरोबर बदलत नाहीत, त्यांच्यावर खरा वाद होतो. मारुतीच्या सभामंडपात अशी वस्तू म्हणजे तो माइक. हरिपाठवाल्यांनी आवाज जिथवर चढवून ठेवला तिथून प्रार्थनेला सुरुवात करावी लागते. गेल्या महिन्यात चटया कोणी गुंडाळल्या आणि अधिष्ठानाचे आसन कोणी भिंतीला टेकवून ठेवले यावरून गावात दोन दिवस अबोला होता, असे पत्रातच आहे. वेळेच्या भांडणाबद्दल पत्रात एक ओळ आहे, आसनाबद्दल सात.

मानोरा तालुक्यातच याहून वेगळी एक रीत पाहायला मिळते, आणि ती पाहायला पत्रलेखकांना फार लांब जावे लागणार नाही. पोहरादेवी याच तालुक्यात आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर असलेले हे ठिकाण देशभरच्या बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांचा जन्म 15 फेब्रुवारी 1739 चा मानतात. रामनवमीला तेलंगण, कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेश अशा कुठून कुठून माणसे येतात. एका राज्यात हा समाज अनुसूचित जमातीत, दुसऱ्यात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातींत; शाळेची भाषा कोणाची तेलुगू, कोणाची कन्नड, कोणाची मराठी. पण नगारा वाजला आणि भोगाला सुरुवात झाली की विनंती आणि अरदास गोरबोलीत, म्हणजे बंजारा समाजाच्या बोलीत, होते. इतक्या दुरून आलेल्या माणसांत भाषेवरून तंटा होत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या मंडळांत आरती मराठीत की हिंदीत यावर मतदान घेतात त्यांनी तर जरूर.

भोग म्हणजे विस्तवावर तूप सोडून गोडाचा कडाव अर्पण करणे. सेवालाल महाराजांना गोडच चालते, ही श्रद्धा पक्की आहे. देवीला नवसाचा बोकड देण्याची चालही तितकीच जुनी. कथाही अशी सांगतात की देवीने सेवालाल महाराजांना आपला भगत होण्यास सांगितले आणि त्यांचे अडले ते बळीपाशीच. म्हणजे हा मतभेद आजच्या सुधारकांनी काढलेला नाही, तो परंपरेच्या पोटातच आहे. तेलंगणातल्या तांड्यांवर अनेक ठिकाणी त्याची मांडणी डोळ्यांना दिसते : सेवालालांच्या ठाण्यावर पांढरे निशाण, मेरामाच्या, म्हणजे देवीच्या, ठाण्यावर तांबडे. गोडाचा भोग पांढऱ्या निशाणापाशी, बोकड तांबड्यापाशी, आणि दोन्हीकडे माणसे तांड्याचीच. इथे वेळ वाटलेली नाही, ठाणी वाटलेली आहेत. एकाचा नैवेद्य दुसऱ्याच्या ठाण्यावर जात नाही. शिरपूरला एकाच मूर्तीवर दोन आवडी आल्या, तांड्याने दोन आवडींना दोन जागा दिल्या.

बोकड कापावा की नाही, हा प्रश्न मात्र निशाणांनी सुटत नाही. पोहरादेवीच्या यात्रेत त्यावरून प्रबोधन होते, बंदोबस्त लागतो, समाजातलीच माणसे दोन्ही बाजूंनी बोलतात. श्रद्धेतला मतभेद जागा वाटून संपवता येईल अशी आशा कोणी धरू नये. मतभेद असतानाही उपासना बंद पडू न देणे एवढेच मांडणीला साधते, आणि ते पुष्कळ आहे. शिरपूरच्या 42 वर्षांकडे पाहिले की ते किती पुष्कळ आहे हे कळते.

आता राहिली ती तक्रार. माणसे एकत्र येऊन काही करणार म्हटल्यावर तक्रार होणारच. ती पारावर, पानटपरीवर आणि आता मोबाइलच्या गटांवर होते. जिथे व्हायला हवी तिथे, म्हणजे उपासनेत, होत नाही. महाराष्ट्रात एका ठिकाणी ती होते आणि मालिकेत आजवर वर्णिलेल्या सगळ्या व्यवस्थांत ती सर्वांत देखणी आहे.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तीचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी दिले. शिंद्यांच्या पदरी राहिलेला, लष्कराची चाल पाहिलेला हा माणूस. दिंड्यांचे क्रम, मानाच्या जागा, जागराच्या पाळ्या अशा बारीकसारीक गोष्टी या सोहळ्यात ठरलेल्या आहेत. रथापुढे 27 दिंड्या आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीला क्रमांक. कोणी कुठे चालायचे हे रोज ठरवावे लागत नाही. म्हणायचे अभंगही वाराप्रमाणे मालिकेत नेमून दिलेले. चाल कोणती लावायची ते मात्र गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडलेले. जिथे आवडीला मोकळीक दिली तिथे ती पूर्ण दिली, जिथे दिली नाही तिथे कोणालाच दिली नाही.

मुक्कामी पालखी पोचली की समाजआरती होते. दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एका लयीत चाललेले असतात. चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ थांबले नाहीत, तर त्या दिंडीची तक्रार आहे असे समजायचे. चोपदार तिकडे जातात, तक्रार सर्वांसमक्ष ऐकली जाते, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात आणि आरती सुरू होते. तक्रार करणाऱ्याला सोहळा सोडून बाहेर जावे लागत नाही. तो हातातल्या टाळानेच तक्रार नोंदवतो. आणि ती न ऐकता आरती पुढे सरकत नाही.

गावच्या देवळात चोपदार नसतो. पण महिन्यातून एका एकादशीला, प्रसादाआधी दहा मिनिटे, ज्याला जे म्हणायचे ते तिथेच म्हणावे, असा नेम धरायला काहीच अडचण नाही. बायकांनाही बोलायला जागा द्यावी. सभामंडप सारवणे, दिवाबत्ती, प्रसाद हे बहुतेक ठिकाणी त्याच करतात आणि बैठकीला त्यांना कोणी बोलावत नाही.

मग आधी कोण? प्रार्थना आधी. कारण भक्तीचा दर्जा नाही, घड्याळ आहे. जी उपासना ठरल्या मिनिटाला संपते तिने आधी बसावे, जी रंगात आली की लांबते तिला पुढची मोकळी वेळ द्यावी. उलट केले तर प्रार्थनेच्या रांगेतली माणसे रोज बाहेर ताटकळत राहतील आणि हरिपाठवाल्यांना रोज घाईने आवरावे लागेल, दोघांचेही नुकसान. सप्ताह बसला की मात्र प्रार्थनेने एक पाऊल मागे घ्यावे, कारण काकडा, पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन ही सप्ताहाची साखळी तोडता येत नाही. आणि आश्विन वद्य पंचमीला, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते तेव्हा वारकरी मंडळींनी त्या दिवसाची संध्याकाळ प्रार्थनेला सोडावी. महाराज स्वतः पंढरीच्या वाटेने गेलेले होते. खंजिरीला टाळाचे वावडे त्यांनी कधी मानले नाही.

माइकचा आवाज कुठे ठेवायचा त्याची खूण रंगाने करून ठेवावी. अधिष्ठानाचे आसन ठेवायला स्वतंत्र कपाट करावे आणि किल्ली दोन्ही मंडळांकडे द्यावी. ज्या मंडळाने जागा वापरली त्याने ती झाडून, चटया जागच्या जागी ठेवून सोडावी, हे वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. 1905 च्या कागदात असे कलम असते तर पुढचे सगळे टळले असते असे म्हणता येत नाही, पण मारुतीच्या देवळातला अबोला नक्की टळेल.

पत्रलेखकांनी ही बैठक कोजागिरीच्या आत घ्यावी. काकडा एकदा सुरू झाला की पहाटेच्या ध्यानाचाही हाच प्रश्न उभा राहील. ज्या गावांत असा लेखी ठराव आधीच झालेला आहे त्यांनी त्याची नक्कल मालिकेकडे जरूर पाठवावी. पुढच्या आठवड्यात प्रार्थना समाज.