अननसाचें माहेर

आम्र, पनस, जंबु, दाडिम इत्यादि फळांचीं नांवें आमच्या प्राचीन कोशकारांनीं नोंदून ठेविलीं आहेत. परंतु आज घरोघर शिऱ्यांत व मुरंब्यांत पडणाऱ्या अननसास अमरकोशांत स्थान नाहीं. हा कांहीं कोशकारांचा दोष नव्हे. ४ नोव्हेंबर १४९३ रोजीं कोलंबस दुसऱ्या सफरींत ग्वादलूप बेटावर उतरला, तेथें युरोपीय लोकांनीं हें फळ प्रथम पाहिलें. अननसाचें माहेर अमेरिका खंड होय.

अपरिचित वस्तूस नांव देतांना मनुष्य बहुधा परिचित वस्तूकडे पाहतो. स्पॅनिश लोकांस हें फळ पाइन वृक्षाच्या बोंडासारखें दिसलें, म्हणून त्यांनीं त्यास 'पिन्या' म्हटलें. इंग्रजीतील 'पाइनॲपल' हा शब्दहि मूळचा त्या बोंडाचाच. सतराव्या शतकांत तो या नव्या फळास लागला, आणि बोंडाकरितां 'पाइनकोन' हा निराळा शब्द घडवावा लागला. आपल्या देशांतहि असेंच झालें. केरळांत यास 'कैतच्चक्का' म्हणतात. 'कैत' म्हणजे केतकी व 'चक्का' म्हणजे फणस. अबुल फझलनें 'आईन-ए-अकबरी'त 'कटहल-ए-सफरी', म्हणजे प्रवासी फणस, असें नांव दिलें आहे. कारण याचें रोप कुंडींत घालून प्रवासांत नेतां येई.

पोर्तुगीजांनीं मात्र उपमा शोधली नाहीं. ब्राझीलमधील तुपी लोकांच्या तोंडचा 'नाना' हा शब्दच त्यांनीं उचलला व त्याचें 'अनानास' केलें. (आमच्या घरांतील नानांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं!) त्या मूळ शब्दाचा अर्थ 'उत्तम फळ' असा सांगतात. फ्रेंच, जर्मन, रशियन व फारसी भाषांतील नांवें, आपला 'अननस', बंगाली 'आनारस', तमिळ 'अन्नासि', मलायी 'नानास' हीं सर्व त्याचींच रूपें होत.

'अन्' व 'नासा' जोडून हा शब्द संस्कृत ठरविण्याचा मोह कोणास होईल. परंतु निषेधार्थी 'अन्' स्वरापूर्वींच येतो. व्यंजनापूर्वीं 'अ' येतो. तेव्हां व्याकरणहि या व्युत्पत्तीस साक्ष देत नाहीं. नुसतें ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे.

'काजू' हें नांवहि तुपी घरचेंच, आणि एकादशीच्या फराळांतील 'बटाटा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांचा. ज्यांनीं हे शब्द दिले त्यांचें पुढें काय झालें, हें मात्र आपल्या घरांतून सहसा सांगितलें जात नाहीं. स्पॅनिशांची वेठबिगार आणि १५१८ सालीं त्या बेटांवर आलेली देवीची साथ यांपुढें टाइनो लोक टिकले नाहींत. दोन पिढ्यांत त्यांची संख्या अगदींच थोडी उरली. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांचीहि रोगराईनें व गुलामगिरीनें तशीच दशा झाली.

असे परके शब्द टाकून त्यांच्या जागीं नवे संस्कृत शब्द योजावे, असें कित्येकांचें मत आहे. भाषा निर्मळ राखण्याचा त्यांचा हेतु आम्हांस मान्य आहे, आणि संस्कृताविषयींचें आमचें प्रेमहि कोणापेक्षां उणें नाहीं. परंतु जेथें आपल्याजवळ शब्द असतां आळसानें परका शब्द घेतला, ती गोष्ट निराळी. आणि जेथें वस्तूच दुसऱ्यानें दिली, तेथील गोष्ट निराळी. ज्यांनीं हीं झाडें रानांतून आणून लाविलीं व पिढ्यान्‌पिढ्या निवडून गोड केलीं, त्यांची आपल्या घरांत एवढीच खूण उरली आहे. ती पुसणें म्हणजे दात्याचें नांव पुसणें होय. उपकारकर्त्याचें स्मरण ठेवावें, हें तर आपलेंच शास्त्र सांगतें. तेव्हां पुढील वेळीं अननस चिरतांना मुलांनीं नांवाचा अर्थ विचारला, तर वडील मंडळींनीं त्यांस तुपी लोकांची ही हकीकत अवश्य सांगावी.