स्क्रूवाला महापौर

आमच्या मोहल्ल्यातल्या नळाला पहाटे तीनला पाणी यायचं. अम्मी घागर घेऊन पुढे आणि मी कळशी घेऊन मागे. नगरपालिका म्हणजे काय, हे मला त्या रांगेत कळलं. म्हणूनच इंग्लंडमधल्या एका स्क्रूवाल्यानं शहराच्या पाण्याचा विचार कसा केला हे वाचलं, तेव्हा मी थबकलो. त्याचं नाव जोसेफ चेंबरलेन.

जन्म १८३६ चा, लंडनचा. घरचा धंदा पादत्राणांचा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. आत्याचे यजमान नेटलफोल्ड यांचा बर्मिंगहॅमला स्क्रूचा कारखाना होता. जुन्या स्क्रूला टोक नसे. आधी भोक पाडायचं, मग तो पिळायचा. अमेरिकेत टोकदार स्क्रूचं यंत्र निघालं होतं. त्याच्या हक्कांसाठी चेंबरलेनच्या वडिलांनी पैसे घातले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला १८५४ मध्ये अठरा वर्षांचा मुलगा धाडला. पोरगा हिशेबाला पक्का निघाला. भाव पाडून त्यानं लहान कारखानदारांना जेरीस आणलं, हेही सांगायला हवं. १८७४ मध्ये तो धंद्यातून बाहेर पडला, तेव्हा गडगंज झाला होता.

त्याच्या आदल्या वर्षी, १८७३ मध्ये, नगरसेवकांनी त्याला महापौर निवडलं होतं. बर्मिंगहॅमला अजून ‘शहर’ हा दर्जाही नव्हता. तो १८८९ मध्ये मिळाला. गॅस दोन खासगी कंपन्यांच्या हातात, पाणी तिसरीच्या. निम्म्या वस्तीची भिस्त विहिरींवर, आणि कित्येक विहिरींत सांडपाणी झिरपलेलं.

आधी त्यानं गॅस घेतला. किंमत सुमारे वीस लाख पौंड, तीही कर्ज काढून. लोक बिचकले. त्याला मात्र या सौद्यातला नफा स्वच्छ दिसत होता, आणि पहिल्याच वर्षी नफा झालाही. मग १८७६ मध्ये साडेतेरा लाखांना पाणीपुरवठा घेतला. इथे हा व्यापारी वेगळंच बोलला. गॅसवर पालिकेनं खुशाल कमवावं, पण पाण्यावर नफा घ्यायचा नाही. पैसे उरले तर दर उतरवायचे. कारण पाणी म्हणजे आरोग्य. ज्यानं आयुष्यभर नफा मोजला, त्यालाच तो कुठे मोजायचा नाही हे कळलं होतं. मला हा माणूस इथे आवडतो.

याच काळात, १८७५ मध्ये, त्याची दुसरी पत्नी बाळंतपणात गेली. पहिलीही तशीच गेली होती. त्यानं स्वतःला कामात गाडून घेतलं.

१८७६ मध्ये तो पार्लमेंटात गेला. पुढे वसाहतमंत्री झाला, बोअर युद्धाचा पुरस्कर्ता ठरला. तो चेंबरलेन मला परका वाटतो. दुसऱ्या पत्नीचा मुलगा नेव्हिल आधी बर्मिंगहॅमचा महापौर आणि १९३७ मध्ये पंतप्रधान झाला.

एक गोष्ट राहिली. १८७५ च्या कायद्याचा आधार घेऊन चेंबरलेननं गावाच्या मध्यातल्या गलिच्छ वस्त्या पाडायची योजना आखली. तिथून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता निघाला. दोन्ही बाजूंच्या जागा पंचाहत्तर वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिल्या, झकपक दुकानं आली. ज्यांची घरं पाडली, त्यांच्यासाठी मात्र पालिकेनं फारशी घरं बांधलीच नाहीत. ती माणसं आसपासच्या वस्त्यांत, आधीच दाटलेल्या खोल्यांत शिरली.