सवलत किती, वॉट-तास किती?

बंगळुरूत बेस्कॉमची वीज दुरुस्तीसाठी दिवसभर गेली की घरून काम करणाऱ्यांना ऑनलाइन सवलतीतले पोर्टेबल पॉवर स्टेशन खुणावते. पण जाहिरातीतले ‘१,००,००० एमएएच’ हे ऊर्जेचे माप नव्हे. सेलच्या ३.७ व्होल्टने गुणले की ३७० वॉट-तास होतात, आणि इन्व्हर्टर त्यातलाही काही भाग उष्णतेत घालवतो. ६० वॉटचा लॅपटॉप त्यावर जेमतेम पाच तास चालेल. आकडा खरा आहे, असे विक्रेता म्हणेल. आहेच, पण त्यावरून दोन यंत्रांची तुलना होत नाही. म्हणून खोडलेली किंमत विसरून, प्रत्यक्ष किमतीला वॉट-तासांनी भागावे. सेलचा प्रकारही पाहावा: लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल वजनदार, तरी अधिक वर्षे टिकणारे आणि उष्णतेत अधिक स्थिर. यंत्रावरचा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांकही ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो.