पिकतं त्याहून खर्च जास्त

प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या अवतीभोवती विखुरलेली ३३ बेटं म्हणजे किरिबाटी. जमीन सगळी मिळून ८११ चौरस किलोमीटर, लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात. या देशात घराघरांतला खर्च आणि सरकारचा शाळा-दवाखान्यांवरचा खर्च एकत्र केला, तर तो देशाच्या जीडीपीपेक्षाही जास्त भरतो. वर्षभरात देशात जे निर्माण झालं, त्याहून अधिक वापरून संपलं! आणि तरीही देश कर्जात बुडालेला नाही.

मुळात या खर्चात काय काय धरतात तेच पाहण्यासारखं आहे. तिथल्या तारावा बेटाच्या उथळ पाण्यात कुणी जाळं टाकलं, मासे घरी नेले, रात्री सगळ्यांनी मिळून खाल्ले. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही. तरी हिशेबनीस त्या माशांना बाजारभाव लावतात आणि ते उत्पादनातही धरतात, घरखर्चातही. सरकारी शाळेतल्या शिकवण्याला तर बाजारभावच नाही. म्हणून शिक्षिकेचा पगार, खडू-फळा, इमारतीची झीज असा जो खर्च येतो, तीच त्या शिकवण्याची किंमत. ती सरकारच्या उपभोग खर्चात जाते. मग त्याच पगारातून बाईंनी तांदूळ घेतला की तो घरखर्चात. दोनदा मोजलं म्हणावं, तर तसं नाही. आधी मोजलं ते शिकवणं, नंतर मोजला तो तांदूळ.

आणि खरी मेख या तांदळातच आहे. प्रवाळाच्या वाळूत भात पिकत नाही. तांदूळ, पीठ, साखर, डिझेल, सगळं जहाजानं येतं. तो खर्च किरिबाटीचा, उत्पादन दुसऱ्या देशाचं.

मग पैसा कुठला? समुद्राचा. किरिबाटीच्या हक्काचा समुद्र आहे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून मोठा! तिथं टूना पकडायला परदेशी जहाजं दिवसांच्या हिशेबानं परवाना विकत घेतात. पकडलेला मासा त्या जहाजांच्या देशाच्या उत्पादनात जातो. किरिबाटीला मिळतं ते शुल्क. ते राष्ट्रीय उत्पन्नात येतं, जीडीपीत नाही. जोडीला १९५६ पासून फॉस्फेटच्या पैशातून साठवलेला निधी आहे. बानाबा बेटावरचं फॉस्फेट १९७९ मध्ये संपलं, पण परदेशात गुंतवलेला तो पैसा अजून कमावतो आहे.

यात आपलाही एक धागा आहे. एल निन्योच्या वर्षी पश्चिम प्रशांतचं कोमट पाणी पूर्वेला सरकतं, त्यामागे टूना आणि टूनामागे जहाजं किरिबाटीच्या हद्दीत येतात. त्याच एल निन्योमुळे आपला मान्सून अनेकदा रोडावतो. २०१५ मध्ये मराठवाडा दुष्काळात होरपळत होता, तेव्हा किरिबाटीच्या तिजोरीत परवान्यांची विक्रमी रक्कम जमा होत होती. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारनं सुक्या खोबऱ्याचा खरेदीदर दुप्पट करून किलोला २ ऑस्ट्रेलियन डॉलर केला. या वाढीव दरातून दिलेलं अनुदान सरकारच्या उपभोग खर्चात शोधून सापडणार नाही. खोबरं विकून आलेल्या पैशांनी लांबच्या बेटावरच्या माणसानं तांदळाची गोणी घेतली, की ते घरखर्चात उमटतं.