नांदेड-लातूरमध्ये ट्रॅक नाही, मग ऑटोक्रॉसचा सराव करायचा कुठे? समजून घ्या एक एकर मैदानाचे गणित

रॅली आणि ऑटोक्रॉसचे रील पाहून ‘हे आपल्यालाही जमेल’ असे वाटणारे तरुण नांदेड-लातूरमध्ये कमी नाहीत. गाडी घरची असते, हातही बऱ्यापैकी बसलेला असतो. अडते ते एकाच ठिकाणी : सराव करायचा कुठे? दोन्ही जिल्ह्यांत कायमस्वरूपी रेसिंग ट्रॅक नाही. मग रात्री उशिरा रिकामा दिसणारा महामार्ग खुणावू लागतो. तो सराव बेकायदा आणि जीवघेणा आहेच. पण बारावीच्या भौतिकशास्त्राने हिशेब केला, तर तो निरुपयोगीही ठरतो. ऑटोक्रॉसला लागणारे कौशल्य ताशी ४० किलोमीटरच्या आत आणि साधारण एक एकर जागेत शिकता येते. कसे, ते पाहू.

ऑटोक्रॉस म्हणजे नेमके काय?

मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाचा मार्ग आखला जातो. एका वेळी साधारणपणे एकच गाडी सोडतात आणि शर्यत घड्याळाशी असते. कोन पाडला की वेळेत दंडाची भर पडते. अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ‘सोलो’ प्रकारात आणि अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत हा दंड एका कोनाला २ सेकंद आहे. भारतात बऱ्याच ऑटोक्रॉस स्पर्धा मातीच्या मैदानावर होतात.

लांब सरळ पट्टा नसल्यामुळे वेग फार चढत नाही. समोरून कोणी येत नाही आणि गाडीही रोजच्या वापरातली चालते. म्हणून हौशी चालकासाठी मोटर स्पोर्ट्समध्ये शिरण्याचा हा सर्वांत परवडणारा मार्ग मानला जातो. देशात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय ही संस्था करते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायचे तर तिचा स्पर्धा परवाना काढावा लागतो.

स्पर्धा खेळून सराव का होत नाही?

कारण स्पर्धेत गाडी चालवायला मिळते फारच थोडी. समजा, एका स्पर्धेत पाच फेऱ्या मिळाल्या आणि प्रत्येक फेरी एक मिनिटाची होती. दिवसभर उन्हात उभे राहून हातात पडली पाच मिनिटे. वर्षात अशा सहा स्पर्धा खेळल्या, तरी एकूण ३० मिनिटे. कबड्डीचा खेळाडू एका सकाळी यापेक्षा जास्त वेळ मैदानावर असतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील सोलो प्रकाराची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे होते. तिथे दोन वेगवेगळ्या मार्गांवर तीन-तीन फेऱ्या मिळतात. म्हणजे राष्ट्रीय विजेता अवघ्या सहा फेऱ्यांत ठरतो.

त्यामुळे सराव किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. टायर पकडीच्या मर्यादेजवळ असताना तुम्ही किती सेकंद गाडी सांभाळली, हे मोजायला हवे. रोज नांदेड ते लातूर ये-जा करणारा चालकही वर्षभरात अशी सेकंदे फारशी जमवत नाही.

महामार्गावर वेगात चालवले तर हात सुधारत नाही का?

इथे थोडे गणित. सपाट वळणावर टायर सुटण्याचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो : वळणाची त्रिज्या आणि टायर-रस्त्यातील घर्षण. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरू. मैदानावर कोन मांडून १५ मीटर त्रिज्येचे वळण केले, तर ही मर्यादा साधारण ३९ किमी वेगाला येते. मुरमाच्या मैदानावर घर्षणांक ०.५ धरला, तर ३१ किमीलाच गाडी सरकू लागते.

आता महामार्गावरचे ४०० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. तिथे हीच मर्यादा २०० किमीच्या पुढे जाते. म्हणजे १२० किमी वेगाने ते वळण घेणारा चालक टायरच्या पकडीचा जेमतेम ३५ टक्के भाग वापरतो. छातीत धडधड होते, पण गाडी मर्यादेला गेल्यावर स्टिअरिंग कसे हलके पडते, पुढची चाके कशी बाहेर ओढतात, यातले काहीच हाताला कळत नाही.

जोखीम मात्र वाढलेली असते. १२० किमीला गाडीतील गतिज ऊर्जा ४० किमीच्या नऊपट असते. भान येऊन ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद धरला, तर ४० किमी वेगातली गाडी सुमारे १९ मीटरमध्ये थांबते. १२० किमी वेगातली गाडी थांबायला १०० मीटरहून जास्त अंतर लागते. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर गळीत हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर आली, तर हे अंतर मिळेलच असे नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

इथे ‘सार्वजनिक ठिकाण’ या शब्दाकडे लक्ष द्या. ज्या जागेवर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ती जागा या व्याख्येत येते. तिथे रस्ता असलाच पाहिजे असे नाही. त्यामुळे सकाळी लोक फिरायला येतात ते मैदान किंवा गावाची पायवाट जाते ती मोकळी जागा सरावासाठी चालत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. 

विम्याचेही बघून ठेवा. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. तिथे गाडी आपटली, तर खर्च खिशातून जाईल असे धरूनच चालावे.

किती जागा लागते आणि कशी हवी?

१५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ३० मीटर व्यास. चहूबाजूंनी गाडी सरकली तरी आपटू नये म्हणून १५ मीटर मोकळी जागा सोडा. झाले ६० बाय ६० मीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस गुंठे. एका एकराहूनही थोडे कमी.

जागा खासगी हवी, चारी बाजूंनी बंद करता येणारी हवी आणि मालकाची परवानगी लेखी हवी. विहीर, विजेचा खांब, दगडी बांध, झाड यांतले काही त्या १५ मीटरच्या पट्ट्यात नको. आधी पायी फिरून खड्डे आणि दगड बघा. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून ठेवले, तर तक्रार आल्यावर धावपळ होत नाही.

काळ्या मातीची जमीन असेल, तर पावसाळ्यात तिचा विचारही करू नका. चाके रुततात आणि गाडी काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन आणि चालक दोघेही तापतात. मराठवाड्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सर्वांत योग्य. मैदानावर धूळ असेल, तर एअर फिल्टर नेहमीपेक्षा लवकर साफ करावा लागेल.

तिथे करायचे काय?

पहिला सराव वर्तुळाचा. कोनांभोवती एकाच त्रिज्येने फिरत वेग हळूहळू वाढवा. एका क्षणी पुढची चाके बाहेर सरकू लागतील. अशा वेळी नवखा चालक स्टिअरिंग आणखी फिरवतो, पण पकड संपलेली असल्याने गाडी वळत नाही. ॲक्सिलरेटर थोडा सोडला की वजन पुढच्या चाकांवर येते आणि गाडी पुन्हा आत वळते. हा बदल हाताला कळेपर्यंत दोन्ही दिशांनी करा.

दुसरा सराव नागमोडी चालीचा. १२ मीटर अंतरावर चार कोन ओळीने मांडा. नजर समोरच्या कोनावर अडकली की हात उशिरा फिरतात. नजर दोन कोन पुढे ठेवायची.

तिसरा ब्रेकचा. ४० किमीवरून ठरलेल्या चौकटीत गाडी थांबवा. पाय एकदम आपटण्याऐवजी दाब झपाट्याने वाढवत नेणे आणि एबीएस लागल्यावर पॅडलची धडधड ओळखणे, हे इथे शिकायचे.

तिन्ही जमले की त्यांचा मिळून २५ सेकंदांचा छोटा मार्ग करा. एका सकाळी ३० फेऱ्या म्हणजे साडेबारा मिनिटे. दोन स्पर्धांपेक्षा जास्त सराव एका रविवारी होतो. दर पाच-सहा फेऱ्यांनी गाडीला आणि ब्रेकना थंड होऊ द्या, टायरची हवा तपासा.

लातूर पॅटर्न इथेही चालतो?

अगदी तसाच. सराव परीक्षा, चुकांची तपासणी आणि पुन्हा परीक्षा हा त्या पॅटर्नचा गाभा. इथे वहीत चार रकाने आखा : फेरी, वेळ, पडलेले कोन, झालेली चूक. हातातल्या स्टॉपवॉचमध्ये एक-दोन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो, म्हणून एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. तीन फेऱ्यांची सरासरी धरा. एका वेळी एकच गोष्ट बदला. टायरची हवा आणि वळणाची रेषा दोन्ही एकदम बदलली, तर वेळ कशामुळे सुधारली ते कळणार नाही.

एक सराव फुकट आहे. स्पर्धेत मार्ग आधी गाडीने फिरायला सहसा मिळत नाही, पायी पाहायला मिळतो. त्यामुळे मित्राला कोन मांडायला सांगा, दोनदा चालत फिरा आणि मग न पाहता कागदावर नकाशा काढा. मार्ग डोक्यात पक्का असला की पहिल्याच फेरीत लक्ष गाडीवर राहते.

सुरक्षेचे काय?

सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद मार्गावर दुचाकी आली आणि स्पर्धक गाडीच्या धडकेत एकाच कुटुंबातील तिघांचा मृत्यू झाला. मान्यताप्राप्त स्पर्धेत असे घडू शकते, तर चार मित्रांच्या सरावात आणखी काळजी हवी. मैदानात येण्याच्या प्रत्येक वाटेवर एक माणूस उभा करा. त्याने हात वर केला की गाडी जागीच थांबली पाहिजे. एका वेळी एकच गाडी, सर्व काचा बंद, सीटबेल्ट आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट. मोबाइलसह सुटे सामान गाडीबाहेर. उंच एसयूव्ही किंवा जीप टाळा. मऊ मातीत चाक आडवे रुतले, तर ती कलंडू शकते.

बाहेर कुठे शिकता येईल?

नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. तिथे भाड्याने कार्ट मिळणारे ट्रॅक आहेत. कार्टला सस्पेन्शन नसल्याने चूक लगेच जाणवते, शिवाय आपल्या गाडीचे टायर झिजत नाहीत. लातूरकरांना पुणे आणि कोल्हापूर हे पर्याय आहेत. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही झाल्या आहेत. नाशिकची वेस्टर्न इंडिया स्पोर्ट्स असोसिएशन ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरवत आली आहे. अशा स्पर्धेत आधी स्वयंसेवक म्हणून काम केले, तर नियम, तपासणी आणि अनुभवी चालकांच्या रेषा जवळून पाहता येतात.

नांदेड-लातूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना आणखी एक वाट आहे. इंदूरजवळच्या पिथमपूरशी जोडलेली बाहा एसएईइंडिया आणि कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी गाडी विद्यार्थीच बनवतात आणि चालवतातही.

शेवटचा हिशेब

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत दर महिन्याला दोन रविवार मैदान मिळाले, तर आठ सकाळी होतात. प्रत्येक सकाळी साडेबारा मिनिटे धरली, तर एकूण १०० मिनिटे. वर्षभरात सहा स्पर्धा खेळणाऱ्याला मिळणाऱ्या ३० मिनिटांच्या तिपटीहून जास्त. त्यासाठी लागते एकरभर बंद जागा, दोन डझन कोन, एक वही आणि वाटांवर उभे राहणारे तीन-चार मित्र. त्या मित्रांनाही आळीपाळीने गाडी चालवू द्या. म्हणजे पुढच्या रविवारी ते वेळेवर येतील.