पेटीतली शाळा

‘स्कूल-इन-अ-बॉक्स’ हा युनिसेफचा शैक्षणिक साहित्याचा संच आहे. युद्ध, भूकंप किंवा पुरामुळे बंद पडलेले वर्ग पहिल्या ७२ तासांत पुन्हा सुरू व्हावेत, या हेतूने तो तयार केला आहे. कुलूप लावता येणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीत एक शिक्षक आणि ४० मुले यांना पुरेल एवढे सामान असते.

या कल्पनेची मुळे १९९०च्या दशकातील पूर्व आफ्रिकेत आहेत. सोमालियातील यादवीच्या काळात युनेस्कोने शिक्षकांसाठी आपत्कालीन संच तयार केला होता. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसांची कत्तल झाली. शिक्षक मोठ्या संख्येने मारले गेले, अनेकांनी देश सोडला आणि लाखो निर्वासित शेजारच्या देशांतील छावण्यांत जाऊन राहिले. इमारत, पुस्तके आणि प्रशिक्षित शिक्षक यांपैकी काहीही हाताशी नसताना वर्ग कसा भरवायचा, हा प्रश्न तेथे उभा राहिला. युनेस्को आणि युनिसेफ यांनी हे संच तेथे मोठ्या प्रमाणावर वापरले. आजची पेटी त्या अनुभवातून आकाराला आली.

मुलांसाठी पेटीत वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि कात्र्या असतात. शिक्षकासाठी खडू, लाकडी घड्याळ, मोजणीचे लाकडी ठोकळे आणि सौरऊर्जेवर किंवा किल्ली फिरवून चालणारा रेडिओ असतो. मुळाक्षरे, अंक आणि पाढे यांचे लॅमिनेट केलेले तक्तेही त्यात असतात. पेटीच्या झाकणाला सोबतचा खास रंग दिला, की त्याचाच फळा होतो. वह्यांना समास आखलेला नसतो. त्यामुळे डावीकडून उजवीकडे लिहिणारी मुले आणि अरबीसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी लिहिणारी मुले, दोघांनाही त्या चालतात.

पेटीत पाठ्यपुस्तके मुद्दामच ठेवलेली नाहीत. एकच पेटी कोणत्याही देशात उपयोगी पडावी, म्हणून तिच्यातील वस्तू एका भाषेला किंवा संस्कृतीला बांधलेल्या नसतात. स्थानिक भाषेतील पुस्तके, खेळणी आणि वाद्ये त्या-त्या ठिकाणी विकत घेतली जातात, तर शिक्षक मार्गदर्शिका आणि अभ्यासक्रम तेथीलच माणसे ठरवतात. युनिसेफच्या कोपनहेगन येथील मोठ्या गोदामात असे संच आधीपासून बांधून तयार असतात. त्यामुळे संकट कोसळल्यावर खरेदीत वेळ जात नाही.

सामान पोहोचल्यावर त्याचा वर्ग कसा होतो, हे नेपाळमध्ये दिसले. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास तेथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तो शनिवार होता आणि नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असल्यामुळे शाळा रिकाम्या होत्या. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण मुले त्यांच्यात नव्हती. १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का बसला. ३१ मे रोजी शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा अनेक गावांत बांबू आणि ताडपत्री वापरून तात्पुरते वर्ग उभे केलेले होते. सुरुवातीच्या दिवसांत अभ्यासाऐवजी गाणी, खेळ, चित्रे आणि सुरक्षिततेची माहिती यांवर भर दिला गेला. भेदरलेल्या मुलाला आधी धीर द्यावा लागतो, मगच ते शिकू लागते. म्हणून शिक्षकांनाही मानसिक आधार देण्याचे प्रशिक्षण देण्यात आले.

आपत्तीतील वर्गाचे काम अक्षरओळखीपुरते नसते. मुले दिवसाचे काही तास एका सुरक्षित जागी राहतात आणि पालकांना घर सावरायला सवड मिळते. लसीकरण, स्वच्छता किंवा भूसुरुंगांपासून सावध राहण्याची माहितीही मुलांमार्फत घरोघर जाते. शाळा लवकर सुरू झाली, तर बालमजुरी, बालविवाह आणि सशस्त्र गटांतील भरती यांचा धोका कमी होतो.

पेटीलाही मर्यादा आहेत. वह्या-पेन्सिली काही महिन्यांत संपतात. शिक्षकाचा पगार, पक्की इमारत आणि परीक्षेची मान्यता या गोष्टी पेटीतून मिळत नाहीत. त्यांसाठी दीर्घकाळ पैसा लागतो आणि तोच कमी पडतो. २०१३ मध्ये मानवतावादी मदतीतील जेमतेम २ टक्के रक्कम शिक्षणाच्या वाट्याला आली होती. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१६ मध्ये इस्तंबूल येथील जागतिक मानवतावादी परिषदेत ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ हा निधी स्थापन झाला.

आपत्कालीन शिक्षणाची किमान मानके ‘आयएनईई’ या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. स्थानिक समाजाचा सहभाग हा त्यांचा पाया आहे. नियोजन, वर्गाची जागा, शिक्षकांची निवड आणि कामावरची देखरेख या सर्वांत पालक व गावकरी सहभागी असावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. बाहेरून आलेले साहित्य वर्ग सुरू करून देते, पण मदतसंस्था परतल्यावरही तो चालू ठेवण्याची ताकद गावाच्या या सहभागातूनच येते.